उत्तरेकडचे चारशे फूट

कोनवैव, ९ फेब्रुवारी १९८२

चि. गुणतिलक यास अक्काचे अ. उ. आ. तिन्ही रत्नं तुझ्या पाठीशी असोत.

डिसेंबरात आईच्या नावाच्या भिक्खूभोजनाला येऊन गेलास, त्यानंतर तुझी दोनच पत्रं आली आणि दोन्हींत कोलंबोत नारळ महागले एवढीच बातमी. दिवसभर ऑफिसात नकाशे काढतोस, एखादी भावजय शोधून तिचाही नकाशा पाठव की!

इथे तलाव काठोकाठ भरलाय, अकरा वर्षांनी. तुझे भावोजी पडले गावच्या पाण्याचे कारभारी, त्यामुळे छाती दोन बोटं पुढे. एप्रिलच्या हंगामात गावची सगळी शेतं भिजवणार म्हणून सांगत सुटलेत. पण मला एक कळत नाही. सांडवा नवा झाला, तलावातून पाणी सोडायच्या मोरीला नवा दरवाजा बसला, आणि बांधाच्या पायथ्याचं काम अर्धवट टाकून कंत्राटदाराचे ट्रक निघून गेले. खर्च दुप्पट झाला, नकाशे बदलले, असं लोक बोलतात. काम तुझ्याच ऑफिसातलं, म्हणून विचारते. घाबरण्यासारखं काही नाही ना? हे म्हणतात, तू यात नाक खुपसू नकोस.

बाकी आपल्या परसात कोहिला मातलाय. उन्हाने अंगण तडकलंय, मी थेंबभर पाणी घातलेलं नाही, तरी पानं हाताएवढी. दलदलीतली भाजी कोरड्यात कशी येते कोण जाणे. दोन भारे बाजारात विकलेसुद्धा. सासूबाई म्हणतात, घराला भाग्य लागलं. तब्येतीला जप.

तुझी
हीनमेणिके अक्का


कोलंबो, १६ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. भाग्यबिग्य काही नाही, अक्का. अशा उन्हात परसात कोहिला मातलाय म्हणजे तलावाचं पाणी बांधातून तुझ्या घराकडे येतंय.

बांधाच्या पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू-खडीचा निचरा घालायचा होता. पाझरलेलं पाणी त्यातून निघून जातं आणि बांधाची माती जागेवर राहते. एक्केचाळीस लाखांचं काम सत्त्याऐंशीवर गेलं, तेव्हा साहेबांनी तीनदा नकाशा बदलायला लावला. शेवटच्या बदलात उत्तरेकडच्या चारशे फुटांचा निचरा गाळला. तिथे भोकं पाडून पाहिलं तेव्हा जमीन कोरडी लागली होती म्हणे. ते वर्ष दुष्काळाचं होतं, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. तुझं घर त्याच चारशे फुटांत आहे. मला हे परवाच कळलं.

आता नीट ऐक. कोहिल्याच्या मुळाशी पाणी झिरपताना दिसेल, ते काचेच्या पेल्यात धर आणि तासभर ठेव. नितळ राहिलं तर थोडा वेळ आहे. तळाला माती बसली तर पोरांना घेऊन विहाराच्या खडकावर जा, भांडीकुंडी गोळा करत बसू नकोस. पाझर मातीने बुजवू नका; पाणी दुसरीकडून वाट काढतं. भावोजींना म्हणावं, तलाव सहा फूट उतरवा. चिडतील, तर माझ्यावर चिडू देत. साहेबांच्या कानावर घातलंय. आणखी खर्च निघाला तर कामच गुंडाळतील, असं ते म्हणाले, पण मुकादमाला पाठवताहेत. मला झोप नाही. उलट टपाली कळव.

तुझा
गुणतिलक


विहार, कोनवैव, २७ फेब्रुवारी

चि. गुणतिलक यास आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी यांनी परसात चार म्हशी फिरवून ओली माती तुडवून घेतली होती. पाझर दिसला की चिकणमाती घालून बुजवायचा, ही आपल्याकडची रीतच. यांच्या बापानेही तेच केलं असतं. तुझं पत्र वाचत होते तेव्हा पाणी विहिरीपाशी निघालं होतं, तांबडं. पेल्यात अर्धं बोट माती बसली. पोरांना आणि सासूबाईंना घेऊन तशीच निघाले.

तलाव उतरवायचा म्हणजे गावाची सभा हवी. सहा फूट उतरवलं की सगळ्यांना पुरेल एवढं पाणी उरत नाही. मग बेत्म करायचं, म्हणजे तलावालगतची तेवढीच शेतं पेरायची आणि ती साऱ्या गावाने सारखी वाटून घ्यायची, मालक कोणी का असेना. तलावालगतची निम्मी शेतं आमची. लोक यांच्याच तोंडाकडे बघत होते. एकाने टोमणा मारला, की कारभाऱ्याच्या मेहुण्याचं पत्र आलं म्हणून गावाने अर्धपोटी राहायचं काय. हे उठले आणि म्हणाले, दोरी आणा, पहिली माझी शेतं मापा. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या माणसाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आजपर्यंत चार फूट उतरलंय. पाझर बारीक झालाय, पण अजून गढूळच आहे. हे जेवणापुरते विहारात येतात, एरवी मोरीवरून हलत नाहीत. आम्ही खडकावर बसून बांधाकडे बघत असतो. पोरं खेळताना किंचाळली तरी बायका दचकून उभ्या राहतात. मीही.

काल तुमचा मुकादम आला. विहाराच्या ओसरीवर त्याने नकाशा पसरला आणि उत्तरेकडची गाळलेली रेघ यांना दाखवली. उजव्या कोपऱ्यात तारीख होती, एकोणीस नोव्हेंबर, आणि खाली नकाशा काढणाऱ्याची सही. ती मला वाचावी लागली नाही. तुझं नाव लिहायला तुला मीच शिकवलं होतं. वारा सुटलाय असं म्हणून मी त्या कोपऱ्यावर पानाचं तबक ठेवलं.

नोव्हेंबर. म्हणजे डिसेंबरात तू आलास, बांधाकडे तोंड करून माझ्या परसात जेवलास, धाकटीला मांडीवर घेतलंस, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. साहेबाचं भय असेल, नोकरीचं असेल. पण मला नुसतं म्हणायचंस, अक्का, इथे राहू नकोस. मी कारणसुद्धा विचारलं नसतं.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. मुकादम नकाशा इथेच ठेवून गेलाय, आणि तबकही जागेवर आहे. यांना वाटतं, तू आम्हाला वाचवलंस. ज्याने टोमणा मारला तोही आता तुझं नाव घेतो. गुरुवारच्या बसने ये. तोवर पाणी उतरलेलं असो की बांध फुटलेला असो, सगळ्यांसमोर ते तबक तू तुझ्या हाताने उचल. मग तुला जेवायला वाढीन.

लोभ आहेच, तो कुठे जाणार.

तुझी
अक्का