लिबियाला जाणारी टोपली

परम दयाळू अल्लाहचं नाव घेऊन, मी शेदलिया बिन्त तय्यब बरगावी, धंदा रेशीम विणण्याचा, लग्न केलेलं नाही, राहणार महदिया, जुन्या गावात समुद्राकडची गल्ली, हे मृत्युपत्र सांगते आहे आणि दस्त लिहिणारे अदूल नूरुद्दीन साहेब ते लिहून घेत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारा एकच इसम आहे, माझा धाकटा भाऊ लझर, आणि त्याचं नाक पुसून त्याला शाळेत मीच धाडत होते, तेव्हा त्याचा धाक मला कितीसा वाटणार!

नूरुद्दीन साहेब म्हणतात, "खालती," आमच्याकडे मावशीला म्हणतात तसं, "तेवढं मुद्द्याचं सांगा." मी म्हटलं, "बाळा, जरा दम धर. चहा घे, तळाशी चिलगोजे आहेत, ते टाकू नकोस." त्यांच्याबरोबर आलेले दुसरे अदूल रिधा साहेब काही बोलत नाहीत. ते बहुधा झोपले आहेत.

कलम पहिले. मला साध्या सुती कापडात गुंडाळावं. रेशीम नको. या गावातल्या कितीतरी नवऱ्यामुली मी रेशमात मढवून सासरी पाठवल्या, माझी हौस त्यातच फिटली. समुद्रकाठच्या कबरस्तानात, जिथून होड्या दिसतात तिथे पुरावं आणि फार रडू नये. वाऱ्यापुढे तिथे कुणाचं रडू ऐकूही येत नाही.

कलम दुसरे. कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मी मनात येईल त्याला देऊ शकते. उरलेलं सगळं वारसाचं. माझा वारस एकटा लझर. नूरुद्दीन साहेबांच्या हिशेबाने खालची मागांची खोली आणि पोस्टातली शिल्लक एवढ्यात माझा हिस्सा भरतो. वरच्या खोल्या, अंगण आणि गच्ची लझरच्या वाट्याला जातात. त्याने राजीखुशीने सही केली तरच अख्खं घर मी म्हणते त्या कामाला लागेल. नाही केली, तर तो ते विकणार. पाहुण्यांसाठी हॉटेल काढणारा एक गृहस्थ येऊन माझ्यादेखत गच्ची मापून गेलासुद्धा. मी त्याला चहा दिला. साखर नाही घातली.

आता ते काम काय, ते सांगते.

कलम तिसरे. हे घर तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांसाठी आहे. ज्याला कुणी न्यायला येत नाही, त्याने इथे यावं. आज वरच्या खोल्यांत अशीच माणसं झोपतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सही झाली नाही तर त्यांच्यासाठी एक मागांची खोली उरेल, आणि मागांमध्ये खाट बसत नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, तेही लिहा साहेब. "मृत्युपत्रात लागत नाही" म्हणता? माझ्यात लागतं.

तरुणपणी काही वर्षं मी दर आठवड्याला टोपली घेऊन बसने तुरुंगात जात असे. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे, त्यांना टोपली म्हणजे काय ते सांगायला नको. आदल्या दिवशी बाजार, पहाटे चूल, मग भाजलेल्या मिरच्यांचं सॅलड, तव्यावरची रोटी, ऑलिव्ह, हरिसाची तिखट चटणी, जमलं तर मासा. पहिल्या खेपेला मी अख्खा मासा भरून शिवून नेला, वर लिंबाची फुलं कातरून लावली, जशी काही ईदची मेजवानी! पहारेकऱ्याने चमच्याने उकरून उकरून त्याचा लगदा केला. आत काही लपवलंय का बघायला. मी दारातच ढसाढसा रडले. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "नवीन दिसतेस. पुढच्या वेळी काटे काढून, बारीक करून आण गं. म्हणजे तो उकरतो तरी त्याला काही करता येत नाही." तेव्हापासून मी मासा घरीच कुस्करून नेत असे.

टोपली मी कुणासाठी नेत होते, ते इथे लिहायचं नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत अशी आहे की त्या वर्षांत माझा भाऊ लझर कामासाठी लिबियाला गेला होता. आई असंच म्हणायची, आईमागे मीही असंच म्हणत आले, आणि मरतानाही असंच म्हणते. लझर लिबियाला होता. टोपली तुरुंगात जात होती.

कलम चौथे. माझी निळी लोकरी चादर शेजारीण मबरूकाला द्यावी. त्याचं कारण असं. लझर "लिबियाहून" परत आला तेव्हा गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, काय काय आणलंय बघू म्हणून. आमच्या अंगावर काटा! लिबियाहून येणारा माणूस रिकाम्या हातांनी कसा येईल? मी मागच्या दाराने पळत सुटले आणि आठवडी बाजारात लिबियाचा माल विकणाऱ्या पहिल्या दुकानातून चादरी आणि चहाचे पेले उचलून आणले. मबरूकाला एक चादर दिली. तिने ती उलटीसुलटी करून बघितली, गालाला लावली, म्हणाली, "अगबाई, लिबियाची लोकर म्हणजे लोकरच हो!" ते दुकान तिच्या थोरल्या मुलाचं होतं. हे मला पुढे कळलं. तिला तर त्याच क्षणी कळलं होतं. इतकी वर्षं तिने तोंडातून ब्र काढला नाही. अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं.

कलम पाचवे. अम्मारबद्दल. दक्षिणेकडच्या वाळवंटातला हा माणूस तेव्हा त्याच तुरुंगात होता, त्याच्यासाठी टोपली कधीच येत नसे. त्याची माणसं कुठे होती ते मी विचारलं नाही. आत एकाची टोपली ही सगळ्यांची टोपली असते. मला निरोप यायचा, "हरिसा जास्त पाठव, आम्ही बरेच जण आहोत." मी पाठवायची. एकदा टोपलीचा कान तुटला होता, ती मी तशीच नेली, घाई होती. रिकामी टोपली परत आली तर कान नव्याने विणलेला. घोंगडीतले धागे सोडवून, पीळ देऊन, असा घट्ट, असा देखणा की मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि बोटांनी चाचपत राहिले. खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडं मागे मागे जात होती. मला वाटलं, ही बस कुठेच थांबू नये, आणि या बोटांचा माणूस जिथे असेल तिथे त्याच्या हाताशी माग यावा.

बऱ्याच काळाने तो माणूस माझ्या दारात उभा राहिला. त्याला महदियात एकच पत्ता माहीत होता, टोपलीवर शिवलेल्या कापडाच्या पट्टीवरचा. दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. तरी तो बाहेर उभा. मी गच्चीवरून ओरडले, "अरे ढकल की!" तो म्हणाला, "सवय गेली, खालती. कुणीतरी उघडेल असं वाटतं."

म्हणून या घरात एकाही खोलीला दार नाही. मी सगळी काढून टाकली आणि पडदे लावले, माझ्याच मागावरचे. दुपारी समुद्राचा वारा सुटला की सगळे पडदे एकदम फुगतात आणि घर चालायला लागल्यासारखं वाटतं. नवा आलेला माणूस खाटेवर पडून तेच बघत राहतो. बघू द्यावं. काम सांगायची घाई करू नये. एकच खोली दाराची आहे, गच्चीकडची. ती लझरची. तिला मी हात लावला नाही.

अम्मार आज माझ्याहून चांगला विणकर आहे. दर आठवड्याला त्याच बसने त्याच तुरुंगात जातो आणि आतल्यांना माग शिकवतो. लझरला हे खपत नाही. "लेल्ला," तो मला म्हणाला, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं लाडाने, पण आवाज कडक, "तुरुंगातली माणसं घरात ठेवतेस? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांचं राहू दे, तू काय म्हणतोस?" तो उठून गेला. ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवला... साहेब, हे वाक्य खोडा. खोडता येत नसेल तर राहू द्या.

कलम सहावे. पोस्टातली शिल्लक अम्मारच्या ताब्यात द्यावी आणि पुढील गोष्टींवर खर्च करावी. आतल्यांसाठी रेशीम, कारण सुतावर शिकलेल्याला पुढे बाहेर कामाला कुणी ठेवत नाही. पुस्तकं, पण मोठ्याने वाचून दाखवता येतील अशी, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ऐकता येईल, आणि हळूहळू त्यालाही अक्षर शिकावंसं वाटेल. अंगणात खेळायला चामड्याचा फुटबॉल, प्लास्टिकचा नको, तो वाऱ्याने भिंतीपलीकडे उडतो आणि मग सगळे भिंतीकडे बघत बसतात. वाजवायला एक चांगला दरबुका ढोल. सुटणाऱ्याला बसचं भाडं, मापाचे बूट आणि न्हाव्याचे पैसे. आणि टोपल्या. ज्यांच्या नावाची टोपली येत नाही त्यांच्यासाठी. काटे काढून.

घराचा एकच नियम. कुणी कशासाठी आत गेला होता, ते विचारायचं नाही. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं.

कलम सातवे. मला हल्ली एक स्वप्न पडतं. भर दुपारी, मागावर डुलकी लागली की. कबरस्तानाखालच्या खडकांवरून माझी जुनी टोपली पाण्यात उतरते आणि तरंगत निघते. मी हाक मारते, "कुठे निघालीस गं?" ती म्हणते, लिबियाला. पाठोपाठ आणखी टोपल्या, कितीतरी, सगळ्या भरलेल्या, वरून फडकं बांधलेल्या. पाणी अगदी शांत असतं, भाकरीचा वास येत असतो. पलीकडच्या काठावर माणसं उभी असतात. त्यांत एक लझर असतो, तरुण, डोकं भादरलेलं. तो हात पुढे करत नाही. त्याला वाटतं, ती दुसऱ्या कुणाची आहे. मी इकडून ओरडते आणि आवाज फुटत नाही. मग जाग येते.

म्हणून ती टोपली, अम्मारने कान विणलेली, लझरला द्यावी. नूरुद्दीन साहेब म्हणतात, वारसाला असं वेगळं काही देता येत नाही. टोपली ही मालमत्ता नाही, साहेब. ती त्याचीच आहे.

कलम आठवे. घराबद्दल मी लझरपुढे पदर पसरणार नाही. त्याने नाही म्हटलं तरी त्याच्यावरची माझी माया कमी होणार नाही, हे मात्र स्पष्ट लिहा. फार जीव आहे माझा त्याच्यावर. तो लिबियाला होता तेव्हा प्रत्येक आठवड्याला मी जगत होते ते बसच्या दिवसासाठी.

खाली त्याच्या संमतीसाठी जागा कोरी सोडली आहे. हे सगळं त्याला वाचून दाखवावं. मी समोर नसेन, अंगणात बसेन.

वाचून घेतलं, बरोबर आहे, सही केली.
शेदलिया बिन्त तय्यब बरगावी

साक्षीदार: अदूल नूरुद्दीन गरसल्लाह, अदूल रिधा ज़ुआरी (जागे होते)
ठिकाण: महदिया. दिनांक: ११ मार्च २०१९

वारसाची संमती

मी, लझर बिन तय्यब बरगावी, एकमेव वारस, वरील मृत्युपत्र ऐकून अख्ख्या घराला संमती देतो. गच्चीकडच्या खोलीचं दार मी स्वतः काढीन, लेल्लाने फक्त पडदा द्यावा.

मी लिबिया कधीच पाहिला नाही. टोपली माझी होती. लेल्ला, मी अजूनही दारापुढे थांबतो.

लझर बरगावी