इंदूबाईंचा दोर धरण्यासाठी दहा दिवस

प्रति,
मा. नायब तहसीलदार साहेब (आपत्ती व्यवस्थापन),
तहसील कार्यालय, केळापूर,
मु. पांढरकवडा, जि. यवतमाळ.

अर्जदार : धर्मपाल सखाराम मुनेश्वर, वय ५४ वर्षे, धंदा शेती आणि विहिरीत बुडी मारणे, रा. मौजा बोरखिंडी, ता. केळापूर.

विषय : समुद्रातील प्रवाळ पाहण्याकरिता पत्नी पाण्याखाली जात असताना वर बसून दोर धरणेकामी दहा दिवस तालुका सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १५ डिसेंबर २०२५ चा अर्ज. (तो अर्जदाराने स्वतः पाण्याखाली जाण्यासाठी केला होता. तो रद्द समजावा. कारण पुढे येतच आहे.)
२) तालुका शोध व बचाव पथकातील नेमणुकीचे पत्र, अट क्र. ४ : लेखी परवानगीशिवाय तालुका सोडू नये.

महोदय,

अर्जदार बोलायला लागला की थांबत नाही आणि लिहायला बसला की पुढे सरकत नाही. सबब हा अर्ज तहसील आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस बापूजी ताकसांडे यांनी त्याच्या सांगण्यावरून लिहिला आहे. लिहिणाऱ्याने पदरची भर घातलेली नाही. जेथे घातली आहे तेथे तसे नमूद केले आहे.

१. अर्जदार गेली सव्वीस वर्षे तालुक्यातील विहिरींत उतरून पडलेल्या वस्तू वर काढतो. मोटारी, बादल्या, कळशा, मोबाईल, हळदीच्या बोटावरून निसटलेली नवरीची अंगठी, एकदा एक बकरी (जिवंत), आणि एकदा ग्रामपंचायतीच्या निकालानंतर रागाने टाकून दिलेला विजयी उमेदवाराचा बारा फुटी फलक. माणसेही काढली. त्यांची नोंद आपल्या दप्तरी आहे, ती येथे पुन्हा करवत नाही. हे सर्व त्याने निव्वळ दम धरून केले. कमरेला दोर, आणि दोराचे वरचे टोक पत्नी सौ. इंदूबाई यांच्या हातात. एक झटका म्हणजे सगळे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे वर घे. इंदूबाई तो दोर दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. एकदा त्यांचा सख्खा भाऊ मदतीला सरसावला, तर त्याला "तू चहा पी, दोराले हात नोको लावू" असे सांगून बाजूला बसवले.

२. आता मूळ मुद्दा. अर्जदाराने सव्वीस वर्षांत पाण्याखाली काहीही पाहिलेले नाही. आपल्याकडच्या विहिरीचे पाणी हिरवेगार, खाली गाळ, आणि त्याखाली अंधार. तेथे डोळ्यांचा काही उपयोग नसतो, सगळे हातांनी ओळखावे लागते. गेल्या दिवाळीत मुलगी साधना, जी नागपुरात परिचारिका आहे, घरी आली आणि तिने मोबाईलवर अंदमानच्या समुद्रातले चित्रण दाखवले. निळेशार पाणी, झाडांसारखी प्रवाळे, पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि मधून एक बाई पाठीवर टाकी लावून निवांत फिरत आहे, जणू आठवडी बाजारच. अर्जदाराने ते संपताच पुन्हा लावायला सांगितले. मग त्याने एकच प्रश्न विचारला : "साधना, हे विहीर कोनाची होय?"

समुद्र आहे असे समजल्यावर त्याने ते चित्रण एकेचाळीस वेळा पाहिले. इंदूबाईंनी पोवळे फक्त जावेच्या अंगठीत पाहिले होते. ते जिवंत असते आणि समुद्रात त्याची बेटे होतात हे कळताच त्या म्हणाल्या, "अन् मंग लोक त्याले बोटात घालून हिंडून राह्यले? त्या जिवानं काय म्हनलं असन!" साधनाने त्याच बैठकीत आईवडिलांची फेब्रुवारीतली तिकिटे काढली. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने गावभर सांगितले. तिसऱ्या दिवसापासून गावाने त्याला 'समुद्रराव' म्हणायला सुरुवात केली, ती अद्याप बंद झालेली नाही.

३. पुढे अंदमानातील, पाण्याखाली बुडी मारायला शिकवणाऱ्या केंद्राचा फॉर्म आला. 'यापूर्वी किती वेळा पाण्याखाली गेलात' या रकान्यात अर्जदाराने 'अकराशेच्या वर, नंतर मोजणे सोडले' असे लिहिले. 'कोणत्या ठिकाणी' या रकान्यात त्याने विहीरमालकांची नावे गट क्रमांकासह दिली, आणि जागा न पुरल्याने पुरवणी जोडली. केंद्राचा फोन आला तो जरा घाबरलेल्या आवाजात. छातीचा एक्स-रे हवा म्हणाले. यंत्रापुढे उभे केल्यावर 'श्वास धरा' असे सांगण्यात आले आणि तेवढ्यात तेथल्या माणसाचा फोन वाजला. तो परत येईपर्यंत अर्जदार तसाच, छाती फुगवून. इंदूबाईंनी आत डोकावून "सोडा आता" म्हटले तेव्हा त्याने श्वास सोडला. याचा त्याला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पुढे याच अभिमानाने घात केला.

४. बेटावर जाण्यापूर्वी टाकी लावून एकदा सराव करावा असे ठरले. त्यासाठी दि. ४ जानेवारी रोजी अर्जदार पत्नीसह नागपूरच्या एका तरणतलावावर गेला. तेथील प्रशिक्षक राजदीप नावाचे तरुण गृहस्थ. त्यांनी पहिला नियम सांगितला : पाण्याखाली श्वास कधीही धरायचा नाही. टाकीतली हवा सतत आत घ्यायची, सतत बाहेर सोडायची. धरलेला दम वर येताना छातीत फुगतो आणि फुप्फुसाला इजा होते.

महोदय, पट्टीच्या खवय्याला पंगतीत बसवून घास गिळू नको म्हणावे, तशी अर्जदाराची गत झाली. तोंडात नळी, पाठीवर टाकी, टाकीत तासभराची हवा. अर्जदार खाली गेला आणि सवयीने त्याने दम धरला. दोन मिनिटे एकही बुडबुडा वर आला नाही. राजदीप यांनी त्याला धरून वर आणले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अर्जदाराने 'श्वास घे, श्वास घे' असे मनाशी घोकले, पण तेही दम धरूनच. लेखी शेरा असा : 'उमेदवार पाण्याखाली श्वास घेत नाही. समुद्रात नेणे धोक्याचे.' तालुक्याचा पाणबुड्या तरणतलावात नापास झाला. अर्जदाराने ओले डोके टॉवेलात घातले ते लवकर बाहेर काढले नाही. तो रडत होता असे लिहू नये अशी त्याची सूचना आहे, सबब लिहिलेले नाही.

५. या सर्व वेळी इंदूबाई तलावाच्या काठावर घरून आणलेला दोर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेथील रक्षकाने हरकत घेतली, त्या हलल्या नाहीत. वातावरण हलके करावे म्हणून राजदीप त्यांना म्हणाले, "मावशी, तुम्ही उतरून बघता का?" कोणीही नाही म्हणेल अशी सर्वांची अपेक्षा होती. इंदूबाईंनी दोराचे टोक अर्जदाराच्या हातात दिले, सोबत आलेल्या साधनाचा जादा सलवार-कमीज चढवला आणि ज्या बाईने जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिले नव्हते ती राजदीप यांचा हात धरून खाली गेली. अकरा मिनिटे. बुडबुडे असे वर येत होते की घड्याळ लावून घ्यावे. वर आल्यावर त्यांनी प्रथम हे सांगितले : "खाली चार टाइला उखडल्या हायेत, बसवून घ्या." शेरा : 'अत्युत्तम. इतका शांत श्वास शिकाऊ माणसात पाहिला नाही.'

अर्जदाराने हे कसे काय म्हणून विचारले. त्यावर इंदूबाईंचे म्हणणे जसेच्या तसे : "माह्याजवळ घडी कुठं होती? तुमी खाली गेले का मी श्वास मोजो. तीस श्वास झाले का दोर ओढो. भेव वाटून श्वास जोरात चालला असता त तुमाले लवकर ओढून घेतलं असतं, काम अधुरं राह्यलं असतं. उशीर केला असता त तुमी राह्यले नसते. म्हनून हळूच घ्या लागे. तुमी खाली दम धरून राहत होते, तवा तुमच्या वाट्याचा दम मी वर घेत होती."

येथे लिहिणाऱ्याची भर : अर्जदार हे वाक्य गाळा म्हणत होता. लिहिणाऱ्याने ठेवले. तीस वर्षे अर्ज लिहून राहिलो, असे वाक्य सांगणारा अशील वारंवार येत नाही.

६. त्या दिवसापासून इंदूबाईंना दुसरे काही सुचत नाही. भाकरी थापतानाही त्या मासे सांगतात. मात्र त्यांची एक अट आहे : वर दोर धरायला अर्जदार असेल तरच त्या समुद्रात उतरतील. म्हणजे अर्जदारास परवानगी न मिळाल्यास प्रवाळ त्यांचेही गेले. याकरिता हा सुधारित अर्ज.

सराव म्हणून मागील रविवारी घरच्या विहिरीत उलटी तजवीज केली. पायऱ्यांवर गळ्यापर्यंत पाण्यात इंदूबाई, वर काठावर अर्जदार, हातात दोर. इंदूबाईंनी नाक धरून डोके खाली घेतले आणि अर्जदाराने श्वास मोजायला घेतले. त्याचे तीस श्वास वीस सेकंदांत संपले. त्याने सर्व ताकदीनिशी दोर ओढला. इंदूबाई दोन पायऱ्या वर फेकल्या गेल्या आणि म्हणाल्या, "काहून ओढलं? अजून त माहा जुडाबी भिजला नाई!" अर्जदार दोर तसाच धरून काठावर खाली बसला. आपण सव्वीस वर्षे सोपे काम केले आणि अवघड काम वर होते, हे त्याला त्या क्षणी समजले. खाली जाणाऱ्याला निदान हे ठाऊक असते की आपण जिवंत आहोत.

७. बेटावरील केंद्र दोर बांधू देत नाही, कारण तो प्रवाळात अडकून प्रवाळ तुटते. आठ फोन झाल्यावर असे ठरले की राजदीप यांच्याच ओळखीच्या प्रशिक्षिका दीपा इंदूबाईंचा हात सोडणार नाहीत, त्यांच्या हातातून एक बारीक दोरी वर तरंगत्या पिवळ्या फुग्याला येईल आणि अर्जदाराने नावेतून त्या दोरीला बोट लावून बसावे. ओढायचे मात्र नाही. हे त्याला जड जात आहे, तथापि त्याने मान्य केले आहे.

८. गैरहजेरीतील व्यवस्था : शेजारच्या तांड्यातील पूनमसिंग राठोड दम चांगला धरतात. पण ते एकटे कामाचे नाहीत. त्यांच्या पत्नी सुखीबाई यांना इंदूबाईंनी तीस श्वास शिकवले आहेत, दोघांनाही बोलवावे. याउपर खबरदारी म्हणून सदर दहा दिवसांत नागरिकांनी विहिरीत काहीही पाडू नये, अशी सूचना सर्व ग्रामपंचायतींच्या फलकावर लागल्यास बरे होईल. पाडणे अगदीच टळत नसल्यास हलकी वस्तू पाडावी.

तरी विनंती की,

(अ) दि. ८ ते १७ फेब्रुवारी २०२६ या काळात तालुका सोडण्याची परवानगी द्यावी.

(ब) पथकाच्या नोंदवहीत 'पाणबुड्या : धर्मपाल मुनेश्वर' या ओळीखाली दुसरी ओळ घ्यावी. तेथे दोर धरणाऱ्याचा रकाना नाही, तो आखावा आणि त्यात सौ. इंदूबाई यांचे नाव सव्वीस वर्षांपूर्वीच्या तारखेने लिहावे. मागील तारखेने नोंद करणे नियमात बसत नसल्यास आजच्या तारखेने लिहावे, पण समुद्रात जाण्याआधी लिहावे.

(क) परत आल्यावर समुद्रात काय दिसले ते इंदूबाई कार्यालयात येऊन सांगतील. त्याकरिता अर्धा दिवस राखून ठेवावा. अर्ध्या दिवसात होणार नाही, तरी.

आपला आज्ञाधारक, आणि सध्या दिवसभर श्वास मोजत असलेला,

(सही)
धर्मपाल सखाराम मुनेश्वर
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत : नेमणूक पत्राची प्रत, तरणतलावाचे दोन शेरे (एक नापास, एक अत्युत्तम), एक्स-रे, जुन्या दोराचा एक हात लांबीचा तुकडा, पाहून परत मिळावा.

सहीबाबत खुलासा : अर्जावरील सही नेमणूक पत्रावरील सहीशी नीट जुळत नाही, हे आपल्या नजरेस येईलच. अर्जदाराने आज सकाळी तीस श्वास एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत लांबवले होते. परंतु (ब) मधील इंदूबाईंचे नाव मोठ्याने वाचून दाखवल्यावर त्याने पेन घेतला आणि पुन्हा सवयीने दम धरला. कागदावर टोक टेकवून तो तसाच बसला. मागे उभ्या असलेल्या इंदूबाईंनी त्याच्या शर्टाची बाही धरली आणि एकदाच ओढली. त्याने श्वास सोडला. सही त्यानंतरची आहे.

अर्ज लिहिणार : बापूजी ताकसांडे