म्हातारीचे पाय

५ ऑक्टोबर १९७४, दौंड

हिशेब पुन्हा चुकला! स्लाइड रूल आपटला — मग उचलून पुसला, दुसरा घ्यायची ऐपत नाही.

आमच्या साखर कारखान्याचा बॉयलर माझ्या जन्माआधीचा. सगळे त्याला म्हातारीच म्हणतात. सरकारी इन्स्पेक्टरनं मला, इथल्या इंजिनियरला, विचारलंय, पत्रा किती झिजला? चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या दाबाला बॉयलर कोडच्या नियमाप्रमाणे तो कमीत कमी बारा मिलिमीटर हवा. त्याखाली गेला तर दाब उतरवा, नाहीतर भंगार!

७ ऑक्टोबर

बारीक भोकं पाडून जाडी मोजतोय. फोरमन साहेबराव प्रत्येक भोकाला डोळे मिटतात. "हळू, सायेब. म्हातारी हाय ती." म्हटलं, "भूल देऊ का, मामा?" — "द्या की! आन् मलाबी थोडी द्या."

त्यांचा हा शेवटचा सीझन. यंदा बॉयलर पेटवायचा मान त्यांना जोडीनं मिळालाय, एरवी तो डायरेक्टरांच्या घरात जातो. त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, नवं लुगडं आणून ठेवलंय. नवऱ्याचा डबा घेऊन आल्या की मला विचारतात, "व्हय ओ, पास हुईल ना तुमची म्हातारी?" जणू पोरगी मॅट्रिकला बसलीय!

चहा साहेबरावच पाजतात. माझा कप मात्र वेगळ्या खिळ्याला. तो विषय ते काढत नाहीत, मीही नाही.

८ ऑक्टोबर

तेरा, साडेतेरा, तेरा. शाबास म्हातारे!

९ ऑक्टोबर

एकच जागा राहिली होती. भट्टीच्या तोंडाजवळ, खाली, जिथं ती विटांवर टेकते. तिथं हळदकुंकू. साहेबरावांनीच घालून दिलेला रिवाज — पाळी बदलली की नव्या फायरमननं आधी तिथं तांब्याभर पाणी ओतायचं. "पाय धुतो तिचं." वर्षानुवर्षं, गाळप बंद असतानाही, रोज!

ड्रिल घेऊन गेलो तर साहेबराव आडवे आले. "देवाची जागा हाय." म्हटलं, "मामा, आम्ही बाबासाहेबांची माणसं, आमच्याकडं देव नाही. आणि कोडात देवाला सूट नाही." हसले, पण हलले नाहीत. अर्धा तास मनधरणी केली तेव्हा बाजूला झाले. विटा मात्र स्वतःच्या हातांनी काढल्या.

विटा चिंब ओल्या. पत्र्याचे पोपडे निघतायत. मोजलं — नऊ!

दहाच्या दाबाला इथंच फाटली असती. आणि पेटवताना जोडपं बसतं ते नेमकं इथं.

१० ऑक्टोबर

नऊला दाब जेमतेम सात. ठिगळ पुढच्या वर्षी मारू. चेअरमन आप्पा भडकले. "सातावर गाळप रांगत चालंल! आकडा जरा सरकवा की." म्हटलं, "आकडा सरकेल, आप्पा. पत्रा नाही. दहालाच चालवायचा तर पेटवायला वहिनींना घेऊन तुम्ही बसा." सात मंजूर!

संध्याकाळी साहेबराव — "कशानं झिजली ओ तेवढीच?" उत्तर ओठावर होतं. जिला जन्मभर जपलं तिला तुम्हीच झिजवलंत, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "वय झालं, मामा." म्हणाले, "आमच्यावानी."

पण पाणी बंद व्हायलाच हवं. उद्या सांगतो.

११ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१२ ऑक्टोबर

आजही नाही. इन्स्पेक्टरपुढं वाघ, साहेबरावांपुढं शेळी. भित्रा लेकाचा!

२० ऑक्टोबर

पेटली! पूजेनंतर झुंबरबाईंनी सवयीनं तांब्या उचलला. मी पुढं झालो — त्याआधीच साहेबरावांनी त्यांचा हात धरला. "नगं. पाण्यानंच खाल्लीय तिला. वल्या विटा म्याच उचलल्या न्हवं? सायबांच्या तोंडून निघंना, म्हणून मीबी गप ऱ्हायलो."

मग सगळ्यांदेखत तांब्या माझ्यापुढं धरला. "घ्या. लई दिस घसा सुकलाय तुमचा."

मी ओंजळ पुढं केली.

"ओंजळ कशाला? तोंड लावा."