लेखी आल्याशिवाय सही नाही

२ मे
डॉक्टर म्हणाले, जुन्या केमोचा आता उपयोग नाही. नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे. एकच जागा शिल्लक. महिनाअखेरपर्यंत सही करायची, नाहीतर जागा वेटिंगवरच्या पुढच्या पेशंटला. औषध फुकट, पण स्कॅन आणि ॲडमिट होण्याचा खर्च आपला. माझ्या पॉलिसीत प्रायोगिक उपचारांना विमा नाही. विमा कंपनीने लेखी मंजुरी दिल्याशिवाय सही करणार नाही. वीज मंडळात जन्मभर फायली तपासल्या आहेत. आठवड्यात त्यांना सरळ करते.

५ मे
कंपनीला पत्र पाठवलं. भाची मेघा म्हणाली, आत्या, आधी सही करून ये, भांडण मागून कर. या पिढीला कार्यपद्धती म्हणून काही नाही.

९ मे, दुपार
ऊन भयंकर. कूलर लावून पडले होते. त्याच्या घरघरीत यजमानांचा आवाज आला. अगदी स्पष्ट. काहून भेऊन राहिली वं, गोपिका?
यजमान जाऊन चार वर्षं झाली. कूलरचं बेअरिंग गेलं असणार. मिस्त्री बोलावला.

१० मे
मिस्त्री म्हणतो, बेअरिंग एकदम ओके है मॅडम. अडाणी. कूलर बंद ठेवला. घाम आलेला प्रकृतीला चांगला.

१४ मे
हॉस्पिटलात तपासणी. शेजारी उमरेडच्या तुळसाबाई. ट्रायलच्या वेटिंगवर आहेत. विमा नाही, खर्चाचं लेकरं पाहतील म्हणे. वर मलाच म्हणाल्या, मॅडम, मले कोणी बलावत नाही अन् तुम्हाले बलावलं तरी तुम्ही जाऊन नाही राहिल्या! घाईत सही करणारे पस्तावतात, असं मी त्यांना समजावलं. त्या डबा उघडून जेवायला लागल्या. मुद्दा पटला असावा.

१९ मे
कंपनीचं उत्तर. मंजूर. इतक्या लवकर? संशयास्पद. शिक्का नाही. त्रुटी काढून परत पाठवलं. मेघा म्हणाली, आत्या, ईमेलवर शिक्का कुठून येणार? म्हणूनच तर.

२२ मे, दुपार
कूलर बंद. तरी तोच आवाज, तोच प्रश्न. शेजाऱ्यांचा कूलर असेल. मेघा म्हणते, शेजारी परवापासून रामटेकला गेलेत.

२६ मे
कुरिअरने पत्र आलं. शिक्का आहे. स्कॅन आहे, ॲडमिशन आहे, अधिकाऱ्याची सही आहे. पुन्हा पुन्हा वाचलं. एकही त्रुटी सापडली नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

२८ मे
हॉस्पिटलात गेले. ट्रायलचं काम बघणाऱ्या भूमिका नावाच्या मुलीने कागद पुढे ठेवला, पेन दिलं. टेबल तेच होतं. ऑपरेशनच्या कागदावर यजमानांनी इथेच सही केली होती. हसत हसत. घरी आले नाहीत.
भूमिकाने विचारलं, काकू, पाणी देऊ का? मी सांगितलं, हे पेन नीट चालत नाही. माझं घेऊन उद्या येते.

२९ मे
ऊन फार. उद्या नक्की.

३१ मे
हॉस्पिटलचे सकाळपासून फोन. उचलले नाहीत. कामाची गोष्ट लेखी कळवावी, हा साधा नियम आहे.

२ जून
तुळसाबाईंचा फोन. मॅडम, तुमची जागा मले भेटली, आज सही केली. पण तुम्ही काहून नाही आल्या?
मंजुरीचं पत्र समोर होतं. मेघाही समोर होती. मी म्हटलं, विमा कंपनीने घोळ घातला.
तुळसाबाईंनी कंपनीला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या की मेघालाही ऐकू गेल्या. 
मी त्यांना थांबवलं नाही.