दोन तोंडांची नाव

४ मे १९३८, बुधवार. चोरखमारा.
बोर्डाचे मेंबरसाहेब दवाखान्यात आले. खुर्ची मागितली, पंखा मागितला, मग फर्मान सोडलं. पावसाळ्यात तलावापलीकडच्या वस्तीची, टोल्याची, माझी फेरी बंद! नाव म्हातारी, मोटर दोन घोड्यांची, वारा सुटला की मध्येच अडकते. नर्सबाई बुडाली तर जबाबदार कोण?
म्हटलं, मोठी मोटर बसवली तर? हसले. "मिरगापर्यंत बसवा. आम्ही स्वतः बसून पाहू."
बसाच.
पावसाळाभर नाला भरतो, टोल्याची गाडीवाट बंद. टोल्यातल्या सुकवारोचे दिवस आषाढात भरतात. पहिल्या खेपेला मूल आडवं होतं, पोरगी मरता मरता वाचली. तिला तशीच सोडू? मुळीच नाही.

९ मे, सोम.
गोंदियाला गेले. गफूर मिस्त्रीकडे एका शिकारी साहेबाची बोटीची मोटर पडून आहे. साहेब विलायतेला गेला तो गेलाच. मिस्त्री म्हणे, "पाँच घोड़े की है, बाई. आपकी नाव तो बुढ़िया है, सँभाल लेगी?" म्हटलं, बुढ्ढ्या काय काय सांभाळतात ते तुम्हाला काय माहीत.
मोटरीपायी पाटल्या गेल्या. हात हलके वाटतात. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, वाटलं नाही.
तिरोड्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. मोटर पेंढ्यात निजवून आणली. गाडीवान वाटभर विचारत होता, आत पाच घोडे कसे मावले म्हणून.

१३ मे
आज शोभा झाली. जुनी मोटर नावेच्या कुशीला लोखंडी आकड्यावर टांगलेली असे, तिथेच नवी टांगली. दोरी ओढली, सुरू झाली, आणि नाव जागच्या जागी गोल गोल! नत्थू नावाडी वल्हं टाकून ओरडतो, "घाना काऊन फिरवून राहिल्या वो बाई? तेल काढता का?" काठावर धुणं धुणाऱ्या बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडले.
दोन घोडे कुशीला चालतात, पाच नाही चालत. मोटर मागेच हवी. आणि या नावेला मागे सपाट फळीच नाही, दोन्ही टोकं निमुळती. एक टोक कापावं लागणार.
नत्थूच्या बापानं ही नाव वैनगंगेवर चालवली, मग नत्थूनं. त्याला सांगितलं तर म्हणे, "कापता तं कापा. मले कायले इचारता?" आणि निघून गेला.

१५ मे, रवि.
सदाशिव सुताराला सांगितलं, मागचं टोक काप. मी देवी टोचायला दोन दिवस बाहेर.

१७ मे
काम चोख. बिजाच्या लाकडाची जाड फळी, सांध्यांत कापूस नि राळ. मी खूश. तेवढ्यात नत्थू आला, कापलेल्या टोकावरचा शेंदूर चाचपू लागला.
"बाई, हे तं टोल्याचं तोंड व्हय."
मग एकेक कळत गेलं. ही माणसं नाव वळवतच नाहीत. वल्हवणाराच उठतो, दुसरीकडे तोंड करून बसतो आणि निघतो. आमच्या काठाला टेकतं ते आमचं तोंड, टोल्याला टेकतं ते टोल्याचं. दोन्हींना शेंदूर, दोन्ही काठांवर वेगळा नैवेद्य. सुताराला काय? नाव आमच्या काठावर ओढलेली, पाण्याकडचं टोक ते मागचं. कापून मोकळा.
नत्थूवर भडकले. आधी का नाही बोललास?
"तुमी म्हनल्या मागचं कापतो. म्या म्हनलो, मंग कापतच नाई. नावेले मागचं रायतेच कुटं?"


२० मे
पाण्यात घातली. नाक आभाळाकडे, मागून पाणी आत यायच्या बेतात. पुढे धानाचं पोतं ठेवलं, त्यावर नत्थूला बसवलं. मग सरळ झाली आणि काय पळाली! पदर हातात राहीना. मी तर ओरडलेच आनंदानं. नत्थू डोळे मिटून, पोतं घट्ट धरून. उतरल्यावर म्हणाला, "फाटंन म्हनलो होतो. नाई फाटली." एवढी माघार त्यानं जन्मात घेतली नसेल.

२३ मे
टोला. काठावर झुनकीबाई, सुकवारोची सासू. टोल्यात तिचाच शब्द चालतो. फळीवरून हात फिरवला.
"आमचं तोंड कापलं तुमी."
म्हटलं, चुकून झालं. आता नाव वळवून आणू, तोंडानंच टेकेल.
"ते तुमचं तोंड. आमच्याकडं तं पाठ केली ना."
सुकवारो मागे उभी. पाय सुजलेत, लांबूनही दिसलं. तपासायला पुढे झाले, तर सासूनं तिला घरात पिटाळलं. माझा तोल गेला. लाकडाचं तोंड मोठं की सुनेचा जीव, असं सगळ्यांसमोर बोलले. बोलायला नको होतं, पण खोटं काय बोलले?

३० मे
आता आमच्या काठाचेही रुसले! पाटील दवाखान्यात येऊन, "आपलं तोंड टोल्याच्या चिखलात कायले टेकवून राहिल्या?" वा. म्हटलं, एकच उरलंय, वाटून घ्या. पाटील औषध न घेताच गेले.
नवी फळी काढून जुनं टोक जोडता येईल का, सुतार विचारतो. येईल. पण मग मोटर कुठे बसवू, डोक्यावर?

३ जून
पुन्हा टोला. काठावरच बसून राहिले. झुनकीबाई तेलासाठी मोहाची टोळं, त्या फळांतल्या बिया, फोडत होती, मीही फोडू लागले. टोपली अर्धी झाल्यावर विचारलं, मावशी, काय केलं म्हणजे जमेल?
"तुमचा शेंदूर पुसा. अर्ध्या पान्यात नवा लावा. तिथं ना तुमचा काठ, ना आमचा."
एवढंच? मला हसू फुटलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. पाटलाला विचारणार नाही. विचारलं तर आषाढातल्या अखाडीपर्यंत बैठकाच बसतील.

८ जून, बुध.
वारा भरपूर. मेंबरसाहेब आले. टोपी एका हातानं धरलेली, दुसऱ्या हातानं नाव. अर्ध्यात एक लाट थेट मांडीवर. मोटर एकदाही थांबली नाही. उतरून धोतर पिळत म्हणाले, "ठीक आहे. चालू ठेवा." फेरी चालू! नत्थूला गूळ दिला.
पाटील दवाखान्याकडे फिरकत नाहीत. नत्थूनं शेंदूर पुसलेला त्यांनी पाहिलाय.

१२ जून, रवि.
झुनकीबाई गाडीवाटेनं आमच्या काठाला आली. एकटीच, सुकवारो नाही. चढताना माझा हात घेतला नाही. अर्ध्या पाण्यात नत्थूनं मोटर बंद केली. नाव डुलत होती. म्हातारी गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, शेंदूर लावला. मग डबी माझ्याकडे केली. मीही लावला. 
टोल्याला टेकलो, तोंडानं. उतरू लागली तेव्हा राहवलं नाही. विचारलंच, दिवस भरले की सुकवारोला माझ्याबरोबर पाठवाल ना?
"नाव दोघीइची झाली, बाई. सून अजून माहीच हाये."
गेली. वर झोपडीच्या दारात सुकवारो उभी होती, एक हात कमरेवर. किती वेळ उभी होती कोण जाणे.
उद्या पुन्हा जाते. उद्या नाही म्हणाली तर परवा.