ताईचा कारभार

प्रिय धाकटे,

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसती 'हं, हं' करत होते, त्यामुळे तुझा समज झाला असेल की ताईला सगळं पटलं. मला मध्येच 'थांब' म्हणायचं होतं, पण तोंडातून 'टॉवेल' बाहेर पडलं. तू हसलीस, तुझ्या हसण्याने मलाही हसू फुटलं, आणि मुद्दा राहून गेला. बोलायला लागले की अजूनही हेच होतं. हवा तो शब्द मला दिसत असतो, पण जिभेवर भलताच येऊन बसतो. हात मात्र शहाणा राहिला आहे. रखडत चालतो, पण सांगेन तेच लिहितो. म्हणून टेबल खिडकीशी ओढून बसले आहे. तूही चहा करून घे आणि सावकाश वाच.

टाके सुकले का? उगाच जिना चढू नकोस. तुझ्या ऑपरेशनला मी आले नाही ते तुला लागलं, हे तुझ्या मुलीने सांगायच्या आधीच मला कळलं होतं, कारण तू रागावली नाहीस. तू रागावत नाहीस तेव्हा मला धास्ती वाटते. माझा पैसा माझ्या हातात नाही, एवढं तुला माहीत आहे. पण तो मागावा कसा लागतो हे मी कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. आठवड्याच्या खर्चाचं कार्ड मिळतं, त्यात भाजी, साबण, औषधं भागतात. त्यापलीकडे काहीही हवं असलं की माझा कारभार बघणाऱ्या सरकारी ऑफिसला लिहून द्यायचं आणि वाट बघत बसायचं. गादी मागितली तर म्हणाले, वेगवेगळ्या दुकानांतले भाव आणा. तुझ्याकडे यायच्या तिकिटासाठी अर्ज केला, तेव्हा 'प्रवासाचे कारण' म्हणून मी लिहिलं, 'बहिणीच्या उशाशी बसणे'. त्यावर हॉस्पिटलचा दाखला मागवला. दाखला आला, तर अधिकारी बाई रजेवर. मंजुरी आली तेव्हा तू घरी येऊन कुंड्यांना पाणी घालत होतीस. कारणच संपलं, आणि नवं कारण शोधून पुन्हा अर्ज करायचं माझ्यात त्राण नव्हतं.

या अधिकारी बाईंना मी मनातल्या मनात छत्रीबाई म्हणते. ऊन असो, ढग असोत, छत्री काखेत असतेच. वाईट नाहीत गं त्या. दर खेपेला माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. माझ्यासारखी माणसं त्यांच्या गळ्यात इतकी पडली आहेत की एकदा त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नवऱ्याची तब्येत विचारली. मीही मान हलवून 'बरी आहे' अशी खूण केली, बिचाऱ्याचं भलं होवो. चिडावं तर समोर चिडण्याजोगं कुणी सापडत नाही, हाच तर जाच आहे.

सुरुवातीला मी या ऑफिसचे आभारच मानले होते. डोक्यातली शीर फुटून मी हॉस्पिटलात पडले, तेव्हा तू दूरदेशी होतीस. घरभाडं थकलं, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला टाळं लागलं, आणि मला स्वतःचं नावही सांगता येईना. हॉस्पिटलनेच कोर्टाला कळवलं, आणि ज्यांना आपला व्यवहार बघता येत नाही त्यांचा तो बघणारं हे सरकारी ऑफिस कोर्टाने माझ्यावर नेमलं. त्यांनी भाडं भरलं, घर टिकवलं. आणि गाडी विकली. मी घरी परतले तेव्हा दारासमोर तेलाचा डाग तेवढा होता. माझी ती पांढरी गाडी, जिच्यात निम्मं गाव शिकलं, आणि जिच्यातून तू भर चौकात, 'चालव तुझी तूच' म्हणत दार आपटून उतरली होतीस. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. संध्याकाळी घरी आलीस, माझ्याच ताटातलं उचलून खाल्लंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला बसलीस. ऑफिसच्या लेखी ती गाडी म्हणजे 'वापरात नसलेली मालमत्ता'. खोटं नव्हतं ते, मला आता चालवता येणार नाहीच. पण एका शब्दाने विचारायचं तरी.

गेल्या वर्षी यातून सुटायची धडपड केली, ती तुझ्यापासून लपवली. कोर्टाच्या डॉक्टरांनी मला तपासलं, लिहून उत्तरं द्यायची मुभा दिली. वार, महिना, घर कुठे, घरात कोण, सगळं खडाखडा लिहिलं. मग त्यांनी नोटा आणि नाणी पुढे मांडली. धाकटे, मी आकड्यांकडे बघते, आकडे माझ्याकडे बघतात, आणि ओळख म्हणून लागत नाही. कुठला मोठा, कुठला लहान, काही कळेना. कोपऱ्यावरच्या दुकानात एकाच पावाचे पैसे मी दोनदा देऊ लागते, दुकानदार भला म्हणून माझा हात मागे सारतो. तेव्हा 'पैशांचा व्यवहार झेपत नाही' असं डॉक्टरांनी लिहिलं तेही खरंच होतं. घरी येऊन दुपारभर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले. बाकी सगळी मी जशीच्या तशी आहे, हट्टी, खोडकर, दुसऱ्याच्या चुका काढणारी. पण ते एक भोक पडलं, आणि त्यातून मी आख्खी ऑफिसच्या ताब्यात गेले.

यातलं जे थोडंफार माझ्याकडून कळलं ते तुझ्या लेकीने तुझ्या कानावर घातलं, आणि तू ठरवलंस की आता पुरे. ऑफिसच्या जागी तू स्वतः माझा कारभार बघणार. आजारातून नीट उठायच्या आत कोर्टात अर्जही टाकलास. अर्ज टाकलास त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "ताई, आता तुला कुणापुढे हात पसरायला नको." मी रडले ते खरं रडले. पुढचे दोन दिवस मी जमिनीवर नव्हते.

मग पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या आमच्या वाचेच्या वर्गात एक बेकरीवाले गृहस्थ भेटले. त्यांचं दुखणं माझ्यासारखंच, पण बोलणं पुष्कळ सुधारलेलं. त्यांचा कारभारही आधी ऑफिसकडे होता, आता मुलाकडे आहे. मी कागदावर लिहून विचारलं, सुखात आहात ना? मुलगा गुणी आहे म्हणाले, दर रविवारी येतो, व्यवहार चोख. त्यांना नातीला, म्हणजे लेकीच्या मुलीला, सायकल घेऊन द्यायची होती. मुलगा म्हणाला, हिशोब मला कोर्टाला दाखवावा लागतो, असा खर्च केला तर मी अडकेन. तेव्हापासून लेक भावाशी बोलत नाही. बेकरीवाले आधी गमतीने मुलाला 'साहेब' म्हणायचे. आता त्यातली गंमत गेली आहे. चष्मा फुटला तर किती तरी दिवस त्यांनी त्याला सांगितलंच नाही. मला म्हणाले, "फोन उचलायच्या आधी विचार पडतो, मुलाला करतोय की ऑफिसला."

घरी येताना तुझ्याकडे गादी मागणारी मी माझ्या डोळ्यांसमोर आले. तू लगेच देशील, भाव न विचारता. पण मग मी तुझ्याशी गोड वागायला लागेन. तुझ्या नवऱ्याची टिंगल करताना आधी विचार करेन. माझ्या खांद्यावर नवी पर्स दिसली की तुला आधी पावती आठवेल. छत्रीबाईंना मी मनसोक्त नावं ठेवते, त्यात माझं काही जात नाही. पण आई-बाबांच्या मागे मला 'ताई' म्हणणारी तू एकटीच उरली आहेस.

म्हणून हे लिहायला बसले. पुढच्या आठवड्यात तुझ्या अर्जाची सुनावणी आहे. बहिणीने तुमचा कारभार बघावा का, असं न्यायाधीश मला विचारतील, आणि तुझ्यासमोर मी 'नाही' म्हणणार आहे. का ते तिथे सांगणं माझ्या जिभेला झेपणार नाही. ताईने मला परकं केलं, असं तुला भरल्या कोर्टात वाटू नये, म्हणून आज सगळं सांगून टाकलं. म्हणजे मी ऑफिसकडेच राहणार. कदाचित कायमची. ते काय असतं हे तुला आता कळलंय, तेव्हा मला समजावू नकोस, माझाच निश्चय मोडेल. तो एक शब्द मी रोज आरशासमोर घोटते आहे, बहुतेक वेळा नीट निघतो. त्या दिवशी अडखळलेच, तर तू उभी राहा आणि न्यायाधीशांना सांग, ताईला 'नाही' म्हणायचं आहे.

तुझीच, आणि तुझी नुसती ताईच राहायचं म्हणणारी,
ताई