अडगळीच्या खोलीतून ब्याण्णव गुण

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (पत्रात उजवा लिहिला होतास, फोनवर डावा म्हणालीस, जो दुखत असेल त्याची चौकशी समज.) इकडे सगळं ठीक. म्हणजे माझं ठीक आहे की नाही हे मलाच कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र.

यंदा आम्हा मुख्याध्यापकांचीच परीक्षा निघाली. शाळा कशी चालवतो याला शंभरपैकी गुण. साठाच्या खाली गेलो तर खुर्ची सोडून सहा महिने प्रशिक्षणाला. अकरा वर्षं ही शाळा मी चालवतोय (निदान माझी तशी समजूत होती), तरी आठवडाभर तोंडचं पाणी पळालं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळपासून मी शाळाभर फिरत होतो. शिपायाला घंटा कशी वाजवायची ते समजावलं, गणिताच्या बाईंना फळा कुठून कुठे पुसायचा ते दाखवलं. साहेब यायला अर्धा तास असताना शिपाई म्हणाला, जुनी हजेरीपुस्तकं अडगळीच्या खोलीत आहेत, ती लागतील. मी आत शिरलो आणि मागे दार बंद झालं. हाका मारल्या, दार बडवलं. पण शेजारच्या वर्गात पाढे चालले होते, आणि पन्नास पोरांच्या आवाजापुढे माझं काय चालणार? मोबाइल टेबलावर, डबाही टेबलावर. शेवटी जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांवर बसलो (पाठीत अजून एक महासागर टोचतोय) आणि दिवसभर माझीच शाळा ऐकत राहिलो. आत्या, ती चालू होती ग! तास वेळेवर बदलले. सातवीतली मुलं कधी नव्हे ते प्रश्न विचारत होती. आनंद मानावा की रडावं, कळेना. थोडं रडलोच.

शाळा सुटल्यावर दार उघडलं, तोवर साहेब गेले होते. काल अहवाल आला. ब्याण्णव! शेरा असा, की मुख्याध्यापक कुठेही दिसले नाहीत, शाळा त्यांच्यावाचून सुरळीत चालते, हेच उत्तम व्यवस्थापन. आठ गुण कापले ते अडगळीच्या खोलीत उंदरांची फार खुडबुड ऐकू येते म्हणून. मी शेरा चारदा वाचला. हे कौतुक आहे की माझी गरजच नाही असं म्हटलंय? बायको म्हणते कौतुक; पण ती हसत हसत म्हणते.

तुझा गोंधळलेला भाचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. पुढच्या महिन्यात चाळीस मुख्याध्यापकांपुढे ‘मी शाळा कशी चालवतो’ यावर माझं भाषण ठेवलंय. तू तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस. मुख्याध्यापक नक्की काय करतो, ते एका कागदावर लिहून पाठव. मोठ्या अक्षरात.

ता. क. २. त्या दाराला कडी बाहेरून आहे, हे आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात आलं. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, वारा होता. गणिताच्या बाईही म्हणाल्या, वाराच होता.

ता. क. ३. शिपाई पुन्हा येऊन विचारून गेला, पुढच्या तपासणीला त्या खोलीत पंखा लावू का? त्याला चांगलं फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “खुर्चीपण ठेव.”